श्लोक कोणी कोणाला सांगायचा?

आज गीता, अध्याय ३, श्लोक ३५. स्वधर्मात मरण आलं तरी श्रेयस्कर, असं भगवंत सांगतात.

२१ एप्रिल २०२१ ला आपल्या नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली, वीसहून जास्त कोविड रुग्ण गेले. माझी मामेबहीण तेव्हा दुसऱ्या एका कोविड वॉर्डात सिस्टर. रात्री फोनवर तिचा आवाज कापत होता. मी वर्क फ्रॉम होमवाला. तिला हाच श्लोक व्हॉट्सॲप केला. ताईचा रिप्लाय: "एन-९५ आणून दे रे, एकच चार दिवस वापरतेय."

श्लोक खराच आहे. पण सांगणारा निःशस्त्र, अर्जुनाच्याच रथावर होता; भीष्मांचे बाण त्यालाही लागले. मी कुठे होतो?

सकाळी दहा मास्क नेऊन दिले. श्लोकाबद्दल ताई काहीच बोलली नाही.