आधी स्फोट, मग गणित

१८ जून २०२१ रोजी अमेरिकी नौदलाने फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात, स्वतःच्याच नव्या विमानवाहू जहाजाजवळ सुमारे ४०,००० पौंड स्फोटकं उडवली. भूकंपमापकांवर त्या धक्क्याची नोंद ३.९ तीव्रतेची झाली. जहाजाचं नाव ‘जेराल्ड आर. फोर्ड’. किंमत सुमारे १३ अब्ज डॉलर, आणि आराखड्यापासून संगणकावर घडवलेलं. स्फोटाच्या वेळी खलाशी जहाजावरच होते. ऑगस्टपर्यंत असे आणखी दोन स्फोट झाले.

पाण्याखालच्या स्फोटाचा दणका बसला तर कुठला सांधा निखळेल, कुठला वीजफलक बंद पडेल, ही गणितं करायला अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे यंत्रांची वानवा नाही. तरीही त्यांनी तेरा अब्जांचं जहाज स्फोटाशेजारी नेऊन उभं केलं, कारण संगणकाच्या उत्तरावर विसंबायचं की नाही हे संगणकाला विचारून ठरत नाही. लष्करी महासंगणकांच्या आधुनिकीकरणाची चर्चा नेहमी वेगाच्या आकड्यांपाशी अडते. माझ्या मते ती या स्फोटापासून सुरू व्हायला हवी.

लष्कराचा आणि संगणकाचा संबंध मुळात तोफेमुळे आला. मेरीलँडमधल्या ॲबरडीनच्या चाचणी मैदानावर दुसऱ्या महायुद्धात तोफांचे फायरिंग टेबल बनत. तोफेचा कोन अमुक, वारा तमुक, हवा इतकी दाट, तर गोळा कुठे पडेल, याचे ते तक्ते. एका गोळ्याच्या एका मार्गाचं गणित करायला कसलेल्या माणसाला टेबलावरच्या आकडेयंत्रावर सुमारे २० तास लागत, आणि एका तक्त्यात असे हजारो मार्ग. या कामासाठी गणित शिकलेल्या तरुणींची फौजच भरती केली होती. तरी काम आवरेना, म्हणून १९४३ मध्ये एनिॲक हा संगणक बांधायचा करार झाला. १९४६ मध्ये तो जगासमोर आला तेव्हा तेच गणित ३० सेकंदांत करत होता. खरा गोळा जमिनीवर पडायच्या आत. तोवर युद्ध संपलं होतं, आणि त्याच्यावरचं पहिलं मोठं काम निघालं ते लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या हायड्रोजन बॉम्बचं. एनिॲकला कामाला लावणाऱ्या सहा स्त्रियांची १९४६ च्या त्या प्रदर्शनात कुणी ओळखही करून दिली नाही. पाऊणशे वर्षांनी ॲबरडीनच्या दोन महासंगणकांना त्यांच्यातल्या दोघींची, जीन आणि के यांची, नावं मिळाली. उशिरा का होईना.

या कथेत वेगाचं कौतुक सगळे करतात. पण फायरिंग टेबलची सुरुवात गणिताने होतच नसे. आधी मैदानावर तोफ डागायची, गोळा कुठे पडला ते मोजायचं, त्यावरून हवेचा अवरोध काढायचा आणि मग ज्या कोनांत तोफ डागलीच नाही तिथले आकडे यंत्राने भरायचे. संगणक मधल्या मोकळ्या जागा भरत होता. दोन्ही टोकांची खुंटी मैदानावरच ठोकलेली असे.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी काँग्रेसच्या सांगण्यावरून संरक्षण खात्याने महासंगणक आधुनिकीकरणाचा स्वतंत्र कार्यक्रम उभा केला. ॲबरडीन, मिसिसिपीतलं व्हिक्सबर्ग आणि स्टेनिस, ओहायोतलं डेटन अशी त्याची मुख्य केंद्रं. या कार्यक्रमाचा शहाणपणा मला यंत्रखरेदीत दिसत नाही. यंत्र पाच वर्षांत म्हातारं होतं. लॉस अलामॉसचा ‘रोडरनर’ २००८ मध्ये वेगाची पेटाफ्लॉपची वेस ओलांडणारा जगातला पहिला महासंगणक ठरला. २०१३ च्या मार्चअखेर तो बंद केला, कारण तेवढंच काम कमी विजेत करणारी यंत्रं आली होती. शहाणपण दिसतं ते पुढे याच कार्यक्रमातून खात्याने स्वतःचे कोड लिहून घ्यायला सुरुवात केली त्यात. विमानांसाठी ‘केस्ट्रेल’, हेलिकॉप्टरांसाठी ‘हेलिऑस’. यंत्रं बदलत गेली तरी कोड वर्षानुवर्षं वाढत, तपासले जात राहतात. अर्थात कोडची फीत कापता येत नाही, त्यामुळे त्याची बातमीही होत नाही.

गणितावर किती विसंबायचं हा प्रश्न सर्वांत उघडावाघडा होतो अणुबॉम्बपाशी. अमेरिकेने शेवटचा अणुस्फोट २३ सप्टेंबर १९९२ रोजी केला. त्यानंतर साठ्यातल्या बॉम्बची खात्री महासंगणकांनी द्यायची, असं ठरलं. सँडिया प्रयोगशाळेतल्या ‘आस्की रेड’ने लवकरच टेराफ्लॉपचा टप्पा गाठला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये लिव्हरमोर प्रयोगशाळेचा ‘एल कॅपिटान’ वेगात जगात पहिला आला. स्फोटाची जागा गणिताने घेतली, असं यावरून वाटतं. वास्तविक अमेरिकेने १९९२ पर्यंत हजाराहून अधिक स्फोट केले होते, आणि आजचे कोड त्या मोजमापांशी ताडून पाहिले जातात. गणिताला आज जी पत आहे, ती त्या शिलकीवर.

आपली शिल्लक किती? १९७४ चा एक आणि १९९८ चे पाच. २००९ मध्ये डीआरडीओचे निवृत्त शास्त्रज्ञ के. संथानम यांनी १९९८ चा पोखरणचा औष्णिक-आण्विक स्फोट अपेक्षेइतका झाला नाही, असं जाहीरपणे म्हटलं. अणुशास्त्रज्ञ आर. चिदंबरम आणि अनिल काकोडकर यांनी ते ठामपणे खोडून काढलं. मिळालेली माहिती आणि सिम्युलेशनची क्षमता पुरेशी आहे, हे चिदंबरम यांचं म्हणणं. कोण बरोबर, हा निवाडा मी देणार नाही. माझं लक्ष वेधलं ते वादाच्या विषयाने. भांडण पेटाफ्लॉपवरून नव्हतंच. एका स्फोटाची मोजमापं कशी वाचायची यावरून होतं.

पुणेकरांना या गोष्टीचं दुसरं टोक, म्हणजे यंत्र मिळवण्याची धडपड, ठाऊक आहे. १९८०च्या दशकात हवामानासाठी मागितलेला क्रे महासंगणक अमेरिकेने दिला नाही. धाकटा दिला, तोही पहाऱ्याच्या अटींसह. ज्या यंत्रावर मान्सून मांडता येतो त्यावर क्षेपणास्त्रही मांडता येतं, हा त्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये विजय भटकरांच्या चमूने ‘परम ८०००’ केला. अभिमान रास्तच, पण त्यातल्या ट्रान्सप्युटर चिप इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या होत्या. चिपसाठी परावलंबन केवळ आपलंच होतं, असंही नाही. २०१० मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेने सतराशेहून अधिक प्लेस्टेशन ३ जोडून एक महासंगणक बांधला, कारण मुलांच्या खेळाच्या बाजाराने चिप स्वस्त केली होती. त्याच वर्षी सोनीने प्लेस्टेशनवर लिनक्स चालवायची सोय काढून घेतली. आज बाजार कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे. तिला कमी अंकांची, ढोबळ पण झपाट्याची आकडेमोड चालते. स्फोटाच्या किंवा हवेच्या झोताच्या गणिताला ६४ बिटांची अचूकता लागते. चिप बनवणारे कुणाचं ऐकतील हे उघड आहे.

शेवटी पुन्हा तोफेकडे येऊ. पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीई या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेने घडवलेल्या एटॅग्ज तोफेची नळी सप्टेंबर २०२० मध्ये पोखरणच्या चाचणीत फुटली आणि माणसं जखमी झाली. चाचण्या पुढे चालू राहिल्या, आणि मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफांचा करार झाला. फुटलेल्या नळीच्या नोंदी कुठल्याही नव्या यंत्राहून कमी मोलाच्या नाहीत, त्या नीट जपल्या आणि कोडपर्यंत पोचवल्या तर.

त्यामुळे माझी सूचना साधी आहे. संरक्षण प्रयोगशाळांसाठी नव्या महासंगणकाची फाईल येईल तेव्हा चाचणी मैदानावरची मोजमापाची उपकरणं, जुन्या नोंदींचं जतन आणि कोड लिहिणाऱ्यांच्या कायम जागा यांचा खर्च त्याच मंजुरीत धरावा. तो नसेल तर अर्थखात्याने ती फाईल परत पाठवावी.