शंकासमाधान : दत्तक लेकरं आणि घरातली शाळा

मूल दत्तक घेतलेलं आहे आणि शाळेत न घालता घरीच शिकतं आहे, अशा काही घरांतून आलेल्या शंका या वेळी एकत्र घेतल्या आहेत. एकाला दिलेलं उत्तर दुसऱ्याच्याही उपयोगी पडेल, म्हणून पत्रलेखकांनी सगळी उत्तरं वाचावीत.

शंका : आमचा मुलगा वर्षाचा असताना संस्थेतून घरी आला. आता त्याला आठवं लागलं आहे, मुंज करायची आहे. संकल्पात गोत्र कोणतं सांगायचं यावरून घरात वाद चालू आहे. सासरे म्हणतात, त्याचं मूळ गोत्र ठाऊक नाही, आपलं लावलं तर देवासमोर खोटं बोलल्याचं पाप लागेल. मुलगा शाळेत जात नाही, दिवसभर घरीच असतो, त्यामुळे हे सगळं त्याच्या कानावर पडतं. काय करावं? — एक आई, नाशिक

समाधान : तुमच्या घराचंच गोत्र सांगा. त्यात असत्य काही नाही. दत्तक गेलेल्या मुलाचा जन्मदात्याच्या गोत्राशी आणि संपत्तीशी संबंध उरत नाही, असं मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्पष्ट सांगितलं आहे. आईबापांनी टाकलेलं मूल जो उचलून आपलं म्हणतो, त्याचं ते मूल, हेही त्याच अध्यायातल्या बारा प्रकारच्या पुत्रांमध्ये येतं. म्हणजे ज्याच्या जन्मदात्यांचा पत्ता नाही असं लेकरू शास्त्रकारांना अपरिचित नव्हतं. पुढे ‘दत्तकमीमांसा’ लिहिणाऱ्या नंदपंडितांसारख्या ग्रंथकारांनी दत्तक कोणाला घ्यावं यावर कडक अटी घातल्या, आणि त्या ऐकून अनेकांच्या मनात किंतु येतो. माझं मत असं की, त्या अटींमागे पिंडदान आणि वारसा यांची काळजी होती. तुम्ही वर्षाचं बाळ घरी आणलं ते त्याला आईबाप मिळावेत म्हणून. तुमच्या घराला त्या अटींचं ओझं वाहण्याचं कारण नाही.

कायद्याचंही ऐकून ठेवा, सासऱ्यांना सांगायला उपयोगी पडेल. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने दत्तहोम झालाच पाहिजे ही अट ठेवली नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे संस्थेतून घेतलेलं मूल सर्व बाबतींत पोटच्या मुलासारखंच आणि आईबापही त्याला जन्म दिलेल्यांसारखेच मानले जातात.

पण तुमच्या सासऱ्यांची शंका कायद्याने फिटणार नाही, कारण त्यांना भीती खोटेपणाची आहे. त्या भीतीचा मला आदर वाटतो. त्यांच्यासाठी छांदोग्य उपनिषदातली सत्यकाम जाबालाची गोष्ट आहे. सत्यकामाला गुरूकडे शिकायला जायचं असतं. तो आईला गोत्र विचारतो. जबाला सांगते की, तुझं गोत्र मला माहीत नाही. मी जबाला, तू सत्यकाम, तर तू सत्यकाम जाबाल म्हणून सांग. तो हारिद्रुमत गौतमांपुढे जाऊन शब्दही न बदलता तेच सांगतो. गौतम त्याला परत पाठवत नाहीत. समिधा घेऊन ये, तुझं उपनयन करतो, तू सत्यापासून ढळला नाहीस, असं म्हणतात. मुंजीच्या संस्काराबद्दल याहून मोठा आधार मी शोधायला जाणार नाही. तुमच्या घरात तर गोत्र न सांगण्याची वेळही नाही. दत्तकविधान लपवलं नाही, मूल तुमचं आहे, म्हणून गोत्र तुमचं आहे. इतकं सरळ सत्य आहे हे.

दोन गोष्टी मात्र आजच करा. गोत्राचा विषय मुलासमोर काढायचा नाही, आणि सासऱ्यांशी तो तुमच्या यजमानांनी बोलायचा, तुम्ही नव्हे. मातृभोजनाला अर्थातच तुम्हीच बसायचं. कोणी हौसेने “दुसऱ्या कुणाला बसवू या” म्हणाली, तर नम्रपणे आणि ठामपणे नाही म्हणा.

शंका : नवरात्रात आमच्याकडे कुमारिका पूजतात. माझी नात सहा वर्षांची आहे, दत्तक आहे. जाऊबाई म्हणतात, पाटावर कुळातली किंवा माहितीतली मुलगी हवी. नातीला बसवावं का? — एक आजी, सातारा

समाधान : बसवा. कुमारिकेचं वय पाहतात, आणि सहा वर्षं हे त्यासाठी योग्य वय आहे. तिच्या जन्माची चौकशी करावी असा नियम पूजेत नाही. शिवाय ती तुमच्याच कुळातली आहे. घरातली मुलगी बाजूला उभी ठेवून शेजारची मुलगी पाटावर बसवली, तर त्या पोरीला काय कळेल ते तुम्हाला मी सांगायला नको. जाऊबाई वयाने मोठ्या असतील तरी या एका बाबतीत त्यांचं ऐकू नका.

शंका : आमच्या दोन्ही मुली दत्तक आहेत, आठ आणि पाच वर्षांच्या. थोरली घरी आली तेव्हा तीन वर्षांची होती, अनोळखी माणसांत घाबरून जायची, म्हणून शाळेची घाई केली नाही आणि मग घरशाळाच सुरू राहिली. पत्नी शिकवते, मी संध्याकाळी शिकवतो. हल्ली गणिताला बसवलं की थोरली रागावते आणि पत्नीला म्हणते, “तू माझी खरी आई नाहीस, मग मला शिकवतेस कशाला?” पत्नी खोलीत जाऊन रडते. नातेवाईक म्हणतात, मुलांना शाळेत न घालणं हा गुन्हा आहे आणि पापही. आम्ही चुकतो आहोत का? — एक वडील, पुणे

समाधान : आधी गुन्ह्याचं. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेत दाखल करावं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, पण ते न पाळणाऱ्या पालकाला दंड किंवा शिक्षा ठेवलेली नाही. घरी शिकवण्याबद्दल कायदा काही बोलतच नाही. चौदा वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा देता येते. महाराष्ट्र मंडळाकडे सतरा नंबरचा फॉर्म भरूनही बसता येतं. वाट बंद नाही, मात्र कागदपत्रं आतापासून जपा. धाकटी नुकतीच घरी आली असेल, तर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी संस्थेचा समाजसेवक घरी येऊन अहवाल करतो. मुली घरी शिकतात हे त्याच्यापासून दडवू नका. कसं आणि काय शिकतात ते वह्यांसकट दाखवा.

पापाचा प्रश्नच नाही. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते त्यांच्या आईवडिलांनी, अरण्यातल्या आश्रमात आणि तीर्थयात्रेच्या वाटेवर. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला शिकवलं, तिने लेकीला. वीस वर्षांची असताना, १८७८ साली, कलकत्त्याच्या विद्वानांनी त्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं.

आता मुख्य गोष्ट. थोरलीच्या वाक्याने तुमच्या पत्नीच्या काळजाला घरं पडली असतील. तरी ते वाक्य आईपणाविरुद्धचं नाही, असं मी म्हणेन. पोटची मुलं रागात “मी घर सोडून जाईन” म्हणतात, तसं दत्तक मूल “तू खरी नाहीस” म्हणतं. फरक इतकाच की, तीन वर्षांची होईपर्यंत या मुलीच्या हातातून माणसं सुटत गेली आहेत. गणित चुकलं, आईचा चेहरा पडला, की तिला वाटतं, आता हीसुद्धा सुटणार. तेव्हा आईने सोडण्याआधी आपणच सोडून बघावं, असं ते वागणं असतं. शाळेतल्या मुलाचं गणित चुकलं तर रागावतात त्या बाई, आणि घरी आल्यावर आई जवळ घेते. तुमच्या घरात बाई आणि आई एकच. मग चुकल्यावर त्या पोरीने जायचं कुठे?

म्हणून माझी सूचना अशी की, गणित तुम्ही घ्या, किंवा ओळखीच्या एखाद्या आजोबांकडे किंवा शिकवणीच्या ताईकडे सोपवा. पत्नीने काही महिने तपासायचं, गुण द्यायचं, चुका काढायचं काम पूर्ण सोडावं. गोष्ट वाचणं, स्वयंपाकात मापं घेणं, बाजारातला हिशेब, झाडांना पाणी, हे तिच्याकडे असावं. त्यात शिकणं थांबत नाही. सत्यकामालाही गौतमांनी आधी पाठ दिला नाही, चारशे रोड गाई दिल्या, आणि तो जे शिकला त्यातलं बरंच बैल, अग्नी, हंस आणि पाणकोंबडीकडून शिकला असं उपनिषद सांगतं.

आणि ते वाक्य पुन्हा आलं, की उत्तर लहान आणि दर वेळी तेच असावं : “मी तुझी आई आहे. गणित राहू दे, जेवायला चल.” तिला समजावत बसू नका, आम्ही तुझ्यासाठी काय काय केलं ते तर चुकूनही काढू नका. उपकाराची भाषा दत्तक मुलाला मारापेक्षा जास्त लागते. पत्नीला रडू येणं स्वाभाविक आहे. तेव्हा तुम्ही तिच्याजवळ बसा, मुलीला जाब विचारायला जाऊ नका. सहा महिन्यांत फरक दिसला नाही, तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जा. त्यात कमीपणा नाही. आणि थोरली स्वतः शाळेत जायचं म्हणाली, तर तिला अडवू नका.

शंका : आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. मुलगा दत्तक आहे हे त्याला माहीत नाही. शाळेत कोणीतरी बोलेल या भीतीने आम्ही त्याला घरीच शिकवतो. अठरा वर्षांचा झाल्यावर सांगायचं ठरवलं आहे. हे योग्य आहे ना? — एक दांपत्य

समाधान : नाही. रागावू नका, पण याला मी शिक्षण म्हणणार नाही. तुम्ही घर बंद करून घेतलं आहे. ज्या गावात मामा, वाणी, पोस्टमन, सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे ही गोष्ट अठरा वर्षं झाकून राहणार नाही, आणि कुणाच्या तरी तोंडून, बहुधा भांडणात, मुलाला कळेल. तेव्हा त्याला दुःख दत्तक असल्याचं कमी आणि तुम्ही रोज खोटं बोललात याचं जास्त होईल.

कर्णाला त्याचा जन्म कधी सांगितला गेला ते आठवा. युद्ध तोंडावर आलं तेव्हा. उद्योगपर्वात कृष्ण त्याला सांगतात, नंतर कुंती. मला त्या प्रसंगात नेहमी कर्णाचं कृष्णाला दिलेलं उत्तर महत्त्वाचं वाटत आलं आहे. तो म्हणतो की, माझ्या मायेने राधेला पान्हा फुटला, तिने माझं मलमूत्र काढलं, अधिरथाने माझे संस्कार केले. धर्म जाणणारा माणूस त्यांना कसा नाकारील? सत्य कळूनही त्याने राधेला सोडलं नाही. तुम्हाला ज्याची धास्ती वाटते, ते वाढवणाऱ्या प्रेमाच्या घरात सहसा होत नाही.

मूल तीन-चार वर्षांचं असल्यापासून हे गोष्टीसारखं सांगत राहायचं असतं. तुमच्याकडे उशीर झाला आहे, तरी येत्या चार दिवसांत सांगा. दोघांनी मिळून, घरात पाहुणे नसताना, साध्या शब्दांत : दुसऱ्या एका आईने तुला जन्म दिला, ती तुला वाढवू शकली नाही, आम्हाला बाळ हवं होतं, आम्ही तुला आणायला गेलो तो दिवस असा होता. ज्याची माहिती तुम्हाला नाही, ते रचून सांगू नका. जन्मदात्रीबद्दल वाईट शब्द नको. पुढे त्याला आपलं मूळ शोधावंसं वाटलं, तर नियमांप्रमाणे अठरा वर्षांनंतर तो स्वतः आणि त्याआधी तुमच्यासह अर्ज करू शकतो. जन्मदात्या आईचा खाजगीपणाही ते नियम राखतात. त्यानंतर घरशाळा चालू ठेवायची का, ते पुन्हा ठरवा. ठेवायची असेल तर मुलाला चांगलं शिकता यावं एवढंच तिचं कारण असावं.

शंका : माझ्यामागे दत्तक नातवाने अग्नी दिला तर चालेल का? पुतणे हरकत घेतील असं वाटतं. — एक आजोबा, कोल्हापूर

समाधान : चालेल. हरकती नव्या नाहीत. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव फुले गेले, तेव्हा दत्तक यशवंतच्या हक्कावरून नातलगांनी वाद घातला आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात धरलं. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांना त्याच्याच दवाखान्यात नेत होत्या. तुमची इच्छा कागदावर लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि पुतण्यांना आजच दाखवा.

शंका : आमची दहा वर्षांची मुलगी म्हणते, वाढदिवसाला जन्म देणाऱ्या आईसाठी दिवा लावायचा. सर्वपित्रीला तिच्या नावाने पानही वाढू का, असं विचारते. — एक आई, फोंडा

समाधान : दिवा जरूर लावा. तुम्हीही तिच्या शेजारी हात जोडून उभ्या राहा. पान मात्र वाढू नका. ती बाई हयात नाही असं तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही, आणि जिवंत माणसाच्या नावाने श्राद्ध करत नाहीत. मुलीला हे कारण सांगा, तिला ते पटेल आणि बरंही वाटेल. दिवा लावताना जन्मदात्रीला सुखी ठेव, एवढंच देवाला म्हणायला सांगा.