हरून आलेल्याच्या शेजारी

२७ फेब्रुवारी २०२२ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर चेल्सी आणि लिव्हरपूल यांच्यात लीग कपचा अंतिम सामना झाला. १२० मिनिटांत एकही गोल झाला नाही. पेनल्टीची वेळ येताच चेल्सीच्या प्रशिक्षकांनी गोलरक्षक बदलून केपाला आत पाठवले. काही महिन्यांपूर्वी सुपर कपमध्ये त्यांनी हेच केले होते. तेव्हा केपाने दोन पेनल्टी अडवल्या, चषक मिळाला आणि निर्णयाची वाहवा झाली.

या वेळी दोन्ही संघांच्या दहाही खेळाडूंनी गोल केले. मग गोलरक्षकांचीच पाळी आली. लिव्हरपूलच्या केलेहरने गोल केला. केपाचा चेंडू बारवरून उंच गेला. ११-१०.

आता थोडे थांबून पाहा. केलेहरनेही एकही पेनल्टी अडवली नव्हती! गोलरक्षक म्हणून दोघे सारखेच ठरले होते. तरी एकाचा जयजयकार, दुसऱ्याची थट्टा.

आपल्या घरी मुलाचा निकाल लागतो तेव्हा काय होते? चार गुण कमी पडले की वर्षभर पहाटे उठून केलेला अभ्यास आपल्याला दिसेनासा होतो. कर्म आपल्या हाती, फळ नाही, असे आपण रोज म्हणतो. पण फळ हुकले की पहिला प्रश्न हाच, चुकले कोणाचे? (स्वतःला तर आपण याहून कठोरपणे विचारतो.)

त्या सामन्यानंतर प्रशिक्षकांनी केपाला दोष दिला नाही. तुमच्या घरी या आठवड्यात कोणी हरून परतले असेल, तर आज त्याच्या शेजारी जेवायला बसा. निकालाचा विषय काढू नका.