खोट्याला पदाची सवलत

१८ नोव्हेंबर २०२४ ला संध्याकाळी सहा वाजता महाराष्ट्र विधानसभेचा जाहीर प्रचार थांबला. कायद्यानुसार मतदान संपण्याआधीचे ४८ तास मतदाराला शांतपणे विचार करता यावा म्हणून मोकळे सोडायचे असतात. दुसऱ्या दिवशी, म्हणजे मतदान सुरू व्हायला जेमतेम एक रात्र उरलेली असताना, भारतीय जनता पक्षाच्या अधिकृत ‘एक्स’ खात्यावर चार ऑडिओ क्लिप आल्या. बिटकॉइनचा पैसा निवडणुकीसाठी वळवला जातोय, असं त्यांतून सुचवलं जात होतं आणि त्यांतले आवाज विरोधी आघाडीचे नेते सुप्रिया सुळे व नाना पटोले यांचे असल्याचा दावा होता. सुळे यांनी तो तातडीने फेटाळला आणि तक्रारही दाखल केली. मुंबईतल्या ‘बूम’ या पडताळणी करणाऱ्या संस्थेने क्लिप तपासल्या. चारपैकी तीन कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवल्या असल्याचं तिला आढळलं.

पण क्लिप ज्या फोनवर पोहोचल्या, त्या फोनवर पडताळणीही पोहोचली का? एका पक्षाच्या अधिकृत खात्यावरून आलेली गोष्ट रात्रीतून गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाते. पडताळणीचा लेख मात्र ज्याला आधीच शंका आली, तोच शोधून वाचतो. त्या निवडणुकीत साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी निवडून आले. क्लिपमुळे कुणाची किती मतं फिरली हे मोजायला कसलंच माप नाही, आणि मी तसा दावाही करत नाही. पण २०८ मतांच्या फरकाने आमदार ठरतात अशा राज्यात मतदानाच्या आदल्या रात्री मतदाराच्या कानावर काय पडतं, याला ‘राजकारण आहे, चालायचंच’ म्हणून सोडून देता येत नाही.

नेत्यांचं बोलणं समाजमाध्यमांनी तपासावं का, या प्रश्नाला सर्वांत मोठ्या कंपनीने दिलेलं उत्तर बरीच वर्षं ‘नाही’ असंच आहे. फेसबुकने डिसेंबर २०१६ मध्ये बाहेरच्या संस्थांकडून पडताळणी सुरू केली. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीच्या वतीने निक क्लेग यांनी स्पष्ट केलं, की राजकीय नेत्यांचं स्वतःचं बोलणं या संस्थांकडे तपासायला पाठवलं जाणार नाही. आधीच खोटा ठरलेला फोटो किंवा व्हिडिओ नेत्याने पुढे ढकलला, तर कारवाई होईल. पण त्याने स्वतःच्या शब्दांत खोटं सांगितलं, तर होणार नाही. पुढच्याच महिन्यात फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात याचं तत्त्वज्ञान मांडलं: लोकशाहीत नेता काय बोलतो हे लोकांनी स्वतः ऐकावं आणि स्वतः ठरवावं, खासगी कंपनीने मध्ये पडू नये. ही सूट किती दूर जाते हे दाखवायला अमेरिकी सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी त्याच सुमारास फेसबुकवर पैसे भरून एक जाहिरात दिली. झुकरबर्ग यांनी ट्रम्प यांना पाठिंबा दिलाय, असं ती सांगत होती. ते धादांत खोटं होतं, आणि खुद्द जाहिरातीतच पुढे तशी कबुली दिली होती.

झुकरबर्ग यांचा युक्तिवाद मला हलका वाटत नाही. कॅलिफोर्नियातल्या कुणा अधिकाऱ्याने आपल्या मुख्यमंत्र्यांचं वाक्य पुसून टाकावं, हे मलाही नको आहे. पण पुसणं वेगळं आणि त्या वाक्याखाली ‘याबद्दल कागदपत्रं असं सांगतात’ एवढं लिहिणं वेगळं. नेत्याचं बोलणं लोकांनी ऐकावं हे जर तत्त्व असेल, तर त्या बोलण्यातला आकडा खरा की खोटा हेही त्यांना तिथेच कळलं पाहिजे. ऐकण्याचा हक्क द्यायचा आणि पारखण्याचं साधन काढून घ्यायचं, हा न्याय मला पटत नाही.

त्याहून मोठी हरकत अशी, की या सुटीने जबाबदारीची उतरंड उलटी करून ठेवली. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या ‘लाइक’ केल्या, आणि दोघींनाही अटक झाली. त्या ओळींत कुणाबद्दल खोटी माहिती नव्हती, मत होतं. अशाच प्रकरणांमुळे माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ‘६६ अ’ सर्वोच्च न्यायालयापुढे गेलं आणि श्रेया सिंघल खटल्यात मार्च २०१५ मध्ये ते रद्द झालं. ज्यांच्या मागे पक्ष नाही, वकिलांची फौज नाही, ऐकणारे जेमतेम शे-दोनशे, त्यांच्या दारात पोलीस. आणि ज्याला लाखो लोक ऐकतात, ज्याच्या एका वाक्यावर गावात दोन गट पडतात, त्याचं बोलणं ‘बातमीमूल्य असलेलं’ म्हणून तपासणीच्या बाहेर. जितके ऐकणारे जास्त तितकी तपासणी कडक, एवढं साधं सूत्र इथे कुणाला सुचलं नाही, हे मला मनापासून अस्वस्थ करतं.

कागदावरच्या प्रचाराला आपला कायदा किती बारकाईने पाहतो ते बघा. निवडणुकीचं पत्रक कोणत्याही तालुक्याच्या छापखान्यात छापा, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ अ प्रमाणे त्यावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. प्रकाशकाने आपण कोण हे सहीनिशी लिहून द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी त्यावर साक्ष द्यायची, आणि मुद्रकाने ते निवेदन पत्रकाच्या प्रतीसह जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. हा नियम पाळला जातो की नाही हा भाग वेगळा. पण हजारभर पत्रकांमागे कोण उभं आहे याची काळजी करणाऱ्या व्यवस्थेने लाखोंपर्यंत जाणाऱ्या पोस्टखाली एक ओळही मागू नये?

पडताळणी म्हणजे मतांची सेन्सॉरशिप, असं म्हणणाऱ्यांनी एखादी पडताळणी जवळून पाहावी. २०२० च्या नोव्हेंबरअखेर शेतीच्या नव्या कायद्यांविरुद्ध निघालेले शेतकरी दिल्लीच्या वेशीवर अडवले गेले होते. एका वृद्ध शीख शेतकऱ्यावर लाठी उगारलेल्या जवानाचं छायाचित्र देशभर गेलं आणि राहुल गांधींनीही ते टाकलं. त्याला उत्तर म्हणून भाजपच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख अमित मालवीय यांनी काही सेकंदांचा व्हिडिओ टाकला आणि पोलिसांनी त्या शेतकऱ्याला स्पर्शही केला नाही, असा दावा केला. लाठी खाली येते, म्हातारा निसटतो, व्हिडिओ संपतो. पडताळणी करणाऱ्यांनी त्याच प्रसंगाचं अधिक लांबीचं चित्रण मिळवलं. त्यात त्या शेतकऱ्यावर एकापेक्षा जास्त जवान लाठी चालवताना दिसत होते. मग ‘बूम’च्या पत्रकारांनी त्या शेतकऱ्यालाच शोधून काढलं. त्याने हातावरचे, पाठीवरचे आणि पोटरीवरचे मार सांगितले. २ डिसेंबरला ट्विटरने (आजच्या ‘एक्स’ने) मालवीय यांच्या पोस्टला ‘फेरफार केलेला मजकूर’ अशी खूण लावली. भारतातल्या बड्या राजकीय व्यक्तीच्या पोस्टवरची ही पहिलीच.

या कामात विचारधारा कुठे आली? मूळ चित्रण शोधायचं, कुठे कापलंय ते पाहायचं, ज्याच्याबद्दल बोललं जातंय त्याला गाठायचं, आणि हे सगळं वाचकासमोर मांडायचं. शेतीचे कायदे चांगले की वाईट यावर त्यात चकार शब्द नाही. कुणी कायद्यांच्या बाजूने असो की विरुद्ध, त्या म्हाताऱ्याला लाठी लागली की नाही याचं उत्तर दोघांसाठी एकच असतं. लोकशाहीतला वाद सुरू व्हायला पायाखाली एवढी जमीन तरी लागते.

हे काम करायचं कुणी, हा खरा अवघड प्रश्न.

सरकारने करायचं, असं एक उत्तर आपल्याकडे देऊन झालं. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियम बदलले. केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलची कोणती माहिती खोटी किंवा दिशाभूल करणारी आहे, हे सरकारचाच एक पडताळणी विभाग ठरवणार आणि तसा शिक्का बसलेला मजकूर ठेवणाऱ्या कंपनीचं कायदेशीर संरक्षण धोक्यात येणार. विनोदकार कुणाल कामरा आणि इतरांनी याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. ३१ जानेवारी २०२४ ला दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही: गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवला, नीला गोखले यांनी तो वैध मानला. मार्चमध्ये केंद्राने विभागाची अधिसूचना काढली आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी पटेल यांच्या बाजूने मत दिल्यावर नियम रद्द झाला. नागरिकांपर्यंत फक्त खरीच माहिती पोहोचेल अशी व्यवस्था करणं ही राज्यसंस्थेची जबाबदारी नाही, असं चांदूरकर यांनी नोंदवलं. मुंबईतला हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. सत्तेवर असलेल्याने स्वतःबद्दलच्या टीकेचा खरेखोटेपणा स्वतःच ठरवायचा, म्हणजे कुंपणानेच शेत खाणं.

मग कंपनीने करायचं? तिचा इतिहासही पाहून घेऊ. २६ मे २०२० ला ट्विटरने ट्रम्प यांच्या टपाली मतदानाबद्दलच्या दोन पोस्टखाली ‘तथ्य जाणून घ्या’ अशी जोड दिली. दोन दिवसांत ट्रम्प यांनी समाजमाध्यमांच्या कायदेशीर संरक्षणावर घाव घालणारा आदेश काढला. पुढच्या मे महिन्यात आपल्याकडे भाजप प्रवक्ते संबित पात्रा यांच्या काँग्रेसच्या कथित ‘टूलकिट’बद्दलच्या पोस्टवर तीच ‘फेरफार’ची खूण लागली. सरकारने ती काढायला सांगितलं आणि २४ मे ला दिल्ली पोलिसांचं पथक ट्विटरच्या कार्यालयात पोहोचलं. दोन्ही देशांत दबावाची रीत एकच. ७ जानेवारी २०२५ ला, ट्रम्प पुन्हा पदावर बसायला दोन आठवडे असताना, झुकरबर्ग यांनी अमेरिकेतला पडताळणीचा कार्यक्रम गुंडाळत असल्याचं जाहीर केलं आणि पडताळणी करणारे राजकीयदृष्ट्या पक्षपाती असल्याचं कारण दिलं. त्याच महिन्यात फेसबुकची मालक कंपनी ‘मेटा’ने ट्रम्प यांनी तिच्यावर केलेल्या खटल्यात अडीच कोटी डॉलरवर तडजोड केली. मालकाच्या मर्जीवर चालणारी तपासणी वारा फिरला की बंद पडते. म्हणून ती मर्जीवर सोडता येत नाही.

आता सगळी भिस्त ‘एक्स’वरच्या ‘कम्युनिटी नोट्स’सारख्या सोयीवर टाकली जातेय. पद्धत मला आवडते: वापरकर्ते टीप लिहितात, आणि एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या लोकांना ती उपयुक्त वाटली तरच सर्वांना दिसते. एकाच बाजूच्या झुंडीला तिथे टीप लादता येत नाही. भारतात ही सोय एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर आली. पण लिहिलेल्या टिपांपैकी बहुसंख्य कधी दिसतच नाहीत. जिथे दोन बाजू हातघाईवर आलेल्या असतात तिथेच एकमत होत नाही, आणि नेत्यांच्या पोस्ट नेमक्या तिथल्याच असतात. शिवाय दोन्हीकडच्या लोकांना पटेपर्यंत वेळ जातो. १९ नोव्हेंबरला तो वेळच नव्हता.

पडताळणीचा उपयोग तरी होतो का, असं निराशेने विचारणारे मित्र मला भेटतात. संशोधन दोन गोष्टी सांगतं. २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात सोरोश वोसुघी आणि सहकाऱ्यांनी ट्विटरवरच्या सव्वा लाखाहून अधिक बातम्यांचा प्रवास मांडला. खोट्या बातमीला पुढे पाठवलं जाण्याची शक्यता खऱ्यापेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती. दुसरी गोष्ट ब्रेंडन नायहन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातली. ट्रम्प यांचं चुकीचं विधान दुरुस्त करून दाखवल्यावर त्यांच्या समर्थकांची माहिती सुधारली, पण ट्रम्प यांच्याबद्दलचं त्यांचं मत फारसं बदललं नाही. काहींना हे पडताळणीचं अपयश वाटतं. मला वाटत नाही. कुणी कुणाला मत द्यावं हे ठरवणं पडताळणीचं काम नव्हेच. नेता आवडतो म्हणून त्याला मत देणारा मतदारही ‘हा आकडा चुकीचा आहे’ हे जाणून मत देत असेल, तर उद्या तोच त्या नेत्याला त्या आकड्याबद्दल जाब विचारू शकतो.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. थेट हिंसेची चिथावणी सोडली तर नेत्याची पोस्ट काढू नये. ती सार्वजनिक नोंद आहे, राहू द्यावी. पण तिच्यातल्या तपासता येणाऱ्या विधानाची तपासणी झालीच पाहिजे, आणि ती कंपनी व सरकार दोघांपासूनही वेगळ्या असलेल्या, पुरावे उघड मांडणाऱ्या आणि स्वतःच्या चुका जाहीर दुरुस्त करणाऱ्या संस्थांनी करावी. टीप पोस्टला चिकटलेली असावी आणि ज्यांनी पोस्ट पाहिली त्यांच्यापर्यंत ती पोहोचवणं कंपनीला बंधनकारक असावं. कुणी काय पाहिलं हे तिला पक्कं ठाऊक असतं. नेत्याला तिथेच खुलासा करता यावा. खोट्या ठरलेल्या विधानाला पैसे भरून पसरवण्याची मुभा नसावी. आणि नियम सर्वांना सारखा. एप्रिल २०२४ मध्ये अमित शहा यांचं आरक्षणाबद्दलचं भाषण कापून-जोडून फिरवलं गेलं. तेलंगण काँग्रेसच्या खात्यावरही ते होतं. तिथे गुन्हा, समन्स, अटक असा मार्ग निघाला. व्हिडिओ पाहिलेल्यांना मूळ भाषण दाखवण्याला माझ्या लेखी अटकेपेक्षा जास्त किंमत आहे.

निवडणूक कायदा आजही पुरेसा नाही. उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल खोटं पसरवणं कलम १२३(४) खाली भ्रष्ट आचरण ठरतं, पण त्यासाठी निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करायची. वरातीमागून घोडं. मे २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना सांगितलं, की बनावट मजकूर लक्षात आल्यापासून तीन तासांत काढा. त्या शेवटच्या ४८ तासांत मजकूर काढून भागत नाही, पाहिलेल्यांना सांगावंही लागतं. आयोगाने ही एक अट घातली तरी पुढच्या निवडणुकीत बराच फरक पडेल.

आणि हे सगळं मराठीत व्हायला हवं. इंग्रजी पोस्टवर लक्ष ठेवणारे पुष्कळ आहेत. मराठीतही ‘फॅक्ट क्रेसेंडो’, ‘न्यूजचेकर’ यांच्यासारखे हात कामाला लागलेत, पण आपल्या नेत्यांचं बोलणं सभेतल्या, फेसबुक लाइव्हवरच्या, यूट्यूबवरच्या अस्सल बोलीत होतं. वऱ्हाडीत दिलेला सिंचनाचा आकडा, अहिराणीत केलेला जातीबद्दलचा दावा यंत्राच्या हाती सापडत नाही. तो पकडायला तो तालुका माहीत असलेला पत्रकार लागतो. जिल्हा वृत्तपत्रांत असे पत्रकार आहेत. कुठल्या धरणाच्या कालव्याला खरंच पाणी आलं, हे त्यांना सरकारी पत्रकाआधी ठाऊक असतं. पडताळणीच्या नावाने कंपन्यांकडून जो पैसा येईल तो आधी त्यांच्यापर्यंत गेला पाहिजे.