रेडिओलहरींची मालकी आणि लिलाव

रेडिओलहरी वापरल्याने झिजत नाहीत. मात्र एकाच पट्ट्यावर दोघांनी एकाच ठिकाणी प्रक्षेपण केले की दोघांचेही संदेश बिघडतात. म्हणून वाटणी अटळ ठरते, आणि जे कोणी निर्माण केले नाही ते विकण्याचा अधिकार सरकारला कुठून आला, हा प्रश्न उभा राहतो. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. म्हणजे सरकार मालक नव्हे, विश्वस्त.

विश्वस्ताने वाटप कसे करावे? 2008 मध्ये ‘आधी येईल त्याला आधी’ या रीतीने, 2001 च्याच दराने मोबाइल सेवेचे परवाने दिले गेले. अर्ज स्वीकारण्याची मुदत ऐनवेळी अलीकडे ओढली गेली. आधी कुणकुण लागलेल्यांचे फावले. फेब्रुवारी 2012 मध्ये न्यायालयाने 122 परवाने रद्द केले. हा न्याय योग्यच होता. त्याच वर्षी राष्ट्रपतींच्या पृच्छेवर मात्र न्यायालयाने स्पष्ट केले की लिलाव हा एकमेव घटनात्मक मार्ग नाही.

लिलावाने वशिला टळतो, पण जास्त बोली म्हणजे जास्त लोकहित नव्हे. 700 मेगाहर्ट्झचा पट्टा दूरवर पोचतो, गावांना उपयोगी. चढ्या राखीव किमतीमुळे 2016 आणि 2021 मध्ये तो विकलाच गेला नाही. विश्वस्ताच्या हाती पडून राहिलेल्या लहरींचा लाभ कोणालाच झाला नाही.