ऐकण्याचा परवाना

दुसऱ्याचे दुःख ऐकून घेण्यासाठी परवाना लागावा काय? प्रश्न प्रथमदर्शनी विचित्र वाटतो. तहानलेल्यास पाणी द्यायला कोणी कागद मागत नाही. मग खचलेल्या माणसाजवळ घटकाभर बसायला तो कशाला हवा? अमेरिकेत मात्र या प्रश्नाचे उत्तर कायद्याने देऊन ठेवले आहे. तेथे मानसिक आरोग्य समुपदेशक म्हणून व्यवसाय करावयाचा तर राज्याचा परवाना लागतो. समुपदेशकांना परवाना देणारा पहिला कायदा व्हर्जिनिया राज्याने १९७६ साली केला आणि २००९ साली कॅलिफोर्नियाने तो केल्यावर पन्नासही राज्ये पूर्ण झाली. आपल्याकडची मुले तिकडे मानसशास्त्र शिकायला जाऊ लागल्यापासून या परवान्याच्या अटी आपल्याही घरांत बोलल्या जातात आणि ऐकणारी वडीलधारी मंडळी चकित होतात.

न्यूयॉर्क राज्याचेच उदाहरण घेऊ. अर्जदाराने समुपदेशनाची साठ क्रेडिटची पदव्युत्तर पदवी घेतलेली असावी लागते. अभ्यासक्रम चालू असतानाच सहाशे तास प्रत्यक्ष काम करावे लागते. पदवीनंतर आणखी ३,००० तासांचा अनुभव हवा आणि त्यांतले निदान निम्मे तास पीडित माणसासमोर बसून घालवलेले हवेत. हे काम मनास येईल तसे करता येत नाही. आठवड्याला सरासरी एक तास अनुभवी पर्यवेक्षकापुढे बसून आपण काय ऐकले, काय बोललो आणि का बोललो, याची झडती द्यावी लागते. मग परीक्षा. बालकांवरील अत्याचार कसा ओळखावा, याचे वेगळे प्रशिक्षण. परवाना मिळाल्यावरही दर तीन वर्षांत छत्तीस तासांचे शिक्षण चालू ठेवावे लागते. आणि या साऱ्याबरोबर आणखी एक अट आहे: अर्जदार सच्छील असावा.

ही शेवटची अट वाचून आम्हांस हसू आले. सरकारी नोकरीत आमची हयात परवाने, दाखले आणि ना हरकत पत्रे यांच्या सहवासात गेली. वर्तणुकीचा दाखला म्हणजे काय, हे आम्ही जाणतो. त्याचा मजकूर ठरलेला असतो आणि खरा अर्थ एवढाच असतो की, अर्जदाराविरुद्ध दप्तरात काही नोंद नाही. नोंद नसणे वेगळे आणि शील असणे वेगळे. कोणत्याही खात्याला माणसाच्या अंतःकरणात डोकावता येत नाही. तीन हजार तास भरल्याने करुणा उपजत नाही आणि परीक्षेत पहिला आलेला मनुष्य दुसऱ्याच्या अश्रूंपुढे दगड असू शकतो. मग परवाना नेमके देतो तरी काय?

याचे उत्तर शोधण्यासाठी आधी आपल्या जुन्या रीतीकडे पाहिले पाहिजे. आपल्या गावांत दुःख ऐकणारी माणसे कधीच कमी नव्हती. आजी होती, मावशी होती, देवळातले भटजी होते, चर्चमधले पाद्री होते. मन फारच अस्वस्थ झाले तर देवाचा कौल घेत, घाड्याकडे जात. यांपैकी कोणापाशी प्रमाणपत्र नव्हते, तरी कितीतरी माणसे त्यांच्या शब्दांवर तरली. हे ऋण आम्ही नाकारत नाही. तथापि या ऐकण्याला एक आधार होता, तो म्हणजे नाते. आजी चुकीचा सल्ला देईल, पण नातीचा घात करणार नाही. कारण तिचे स्वतःचे सुख त्या नातीत गुंतलेले असते. नाते हाच तिचा परवाना आणि नाते हाच तिच्यावरचा अंकुश.

परंतु नात्याची ताकद जेथे आहे तेथेच त्याची मर्यादाही आहे. सुनेच्या मनाची घुसमट घरातूनच उगवली असेल तर घरातल्या कोणाजवळ तिने बोलावे? मुलाला बापाचीच भीती असेल तर बाप कितीही प्रेमळ असो, त्याच्यापुढे तो मोकळा होणार नाही. शिवाय लहान गावात सोप्यावर हलक्या आवाजात सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत तिठ्यावर पोहोचते. एखाद्या मुलीला रात्र रात्र झोप लागत नाही, एवढे कळले तरी तिच्या लग्नाची बोलणी मोडतात. सांगणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो; असते ती काळजीच. पण काळजीने उघडे पडलेले गुपितही उघडेच पडते. म्हणून माणसाला कधी कधी परका श्रोता हवा असतो, ज्याला आपल्या घराशी, जमिनीशी, सोयरिकीशी काही देणेघेणे नाही.

येथे खरा पेच उभा राहतो. नात्यातला मनुष्य नात्याने बांधलेला असतो. परक्याला कशाने बांधावे? तो आपली सर्वांत नाजूक गोष्ट ऐकणार आणि आपण मात्र त्याच्याविषयी काहीच जाणत नाही. दोघांपैकी एकाच्या हाती सारे सामर्थ्य येते.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो घडवला आणि १९४५ साली तो तेथे उभा राहिला. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या या गोमंतकीय धर्मगुरूने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले. रंगभूमीवर त्यांची टिंगल झाली आणि १८१९ साली तेथेच त्यांचा अंत झाला. पुतळ्यात ते हात पसरून उभे आहेत आणि त्यांच्यासमोर एक स्त्री भान हरपून कलंडली आहे. साहाय्य करणारा उभा आणि साहाय्य घेणारा पडलेला, हे चित्र पाहताना त्या पसरलेल्या हातांवर लक्ष कोणाचे, असा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही. विशेष म्हणजे ही शक्ती आपल्या हातांत आहे असा दावा फारिया यांनी केला नाही. ती समोरच्याच्या मनात असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पण प्रत्येक उभा राहणारा इतका प्रामाणिक असेल, याची हमी कोण देणार?

परवान्याचे मर्म आम्हांस येथे दिसते. परक्या श्रोत्यासाठी समाजाने कृत्रिमपणे निर्माण केलेले ते एक नाते आहे. गुपित फोडले, विश्वासाचा गैरफायदा घेतला, आवाक्याबाहेरचे काम अंगावर घेतले, तर तक्रार करायला जागा आहे आणि परवाना जाऊ शकतो, हे त्यातून ठरते. मौनाची मर्यादाही अशाच चौकटीत ठरू शकते. व्हर्जिनियाचा कायदा झाला त्याच १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या हत्येसंबंधी निकाल दिला. मारेकऱ्याने आपला बेत मानसोपचार करणाऱ्यास आधी सांगितला होता, पण त्या मुलीला कोणी सावध केले नाही. दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर त्याच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घेणे उपचार करणाऱ्याचे कर्तव्य ठरते, असे न्यायालयाने म्हटले. केव्हा गप्प राहायचे आणि केव्हा बोलायचे, हा निर्णय एकट्याच्या सद्बुद्धीवर सोडण्याइतका सोपा नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते; तिचा कायदा १९९२ चा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाचे हक्क आणि गोपनीयता मान्य केली. समुपदेशकाचे नाव मात्र सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या २०२१ च्या कायद्याच्या सूचीत आले. कायदा येणे आणि तो रुजणे यांत किती अंतर असते, हे निवृत्त अधिकाऱ्याला सांगावे लागत नाही. समुपदेशन केंद्राची पाटी दिसल्यावर आत बसलेल्याची नोंदणी विचारण्याची रीत आपल्या समाजात अजून पडलेली नाही.

यावर एक सबळ आक्षेप आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्याकडे निरनिराळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. जेथे श्रोतेच नाहीत तेथे परवान्याची भिंत उभारणे म्हणजे दुष्काळात विहिरीला कुलूप घालणे नव्हे काय? या आक्षेपाला गोव्यातच एक उत्तर मिळाले आहे. १९९६ साली येथे स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन आरोग्यकेंद्रांत समुपदेशनास बसवले. गरज पडेल तेथे डॉक्टर व मनोविकारतज्ज्ञ पाठीशी होते. या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत नैराश्य आणि चिंता यांनी ग्रासलेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के लोक सहा महिन्यांत सावरले. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ४२-४३ टक्के होते. खासगी दवाखान्यांत असा फरक आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे.

म्हणजे परवाना निरर्थक ठरला काय? आम्ही त्यातून वेगळा बोध घेतो. संगाथच्या पुढच्या प्रयोगांत समुपदेशकांच्या बैठकी ध्वनिमुद्रित होत, सहकारी त्या ऐकत, गुण देत आणि कोठे चुकले ते एकमेकांना सांगत. न्यूयॉर्कच्या पर्यवेक्षकापुढचा आठवड्याचा तास आणि गोव्याच्या आरोग्यकेंद्रातली ही तपासणी, यांचा आत्मा एकच आहे. एका ठिकाणी साठ क्रेडिटची पदवी आहे, दुसऱ्या ठिकाणी काही आठवड्यांचे शिक्षण आणि काही महिन्यांची उमेदवारी. पण दोन्हीकडे ऐकणाऱ्याचे ऐकणेही कोणीतरी ऐकते आहे. पदवीची उंची देशकालाप्रमाणे कमी-अधिक करता येईल. ही तपासणी मात्र वगळता येणार नाही.

आपल्या संस्कृतीत मायेची वाण कधीच नव्हती. उणीव राहिली ती जबाबदारीची. 'मी चांगल्या हेतूने बोललो' हे वाक्य आपल्याकडे सर्व अपराधांवरचे प्रायश्चित्त मानले जाते. दुखावलेल्या मनाला हेतू दिसत नाही, परिणाम भोगावा लागतो. म्हणून दुसऱ्याच्या मनात पाऊल टाकण्याचा अधिकार, आमच्या मते, जो स्वतःची तपासणी करून घेण्यास तयार आहे त्यालाच पोहोचतो. मग तो पदवीधर असो वा नसो.

वाचकांपैकी कोणावर उद्या आपल्या मुलाला, भावाला वा सुनेला अशा दारापर्यंत नेण्याची वेळ आली, तर भिंतीवरच्या चौकटींत किती प्रमाणपत्रे आहेत ती जरूर पाहावीत. त्यानंतर मात्र तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत: आपले काम कोण तपासतो? आपल्या आवाक्याबाहेरचे असेल तेव्हा आपण कोणाकडे पाठवता? आणि आपल्याविरुद्ध तक्रार करायची झाल्यास आम्ही कोठे जावे? या प्रश्नांनी जो रागावेल, त्याच्यापुढे आपल्या माणसाचे मन उघडू नये.