अंधारांतील शेकोट्या

दूरदेशीं गेलेल्या मुलाचें पत्र हातीं आलें म्हणजे आपण तें कितीदां तरी वाचून घेतों. परंतु तें आणणाऱ्याच्या श्रमांची आठवण आपणांस क्वचितच होते. आज आपण अमेरिकेंतील आरंभींच्या विमान-टपालवाल्यांचा विचार करूं.

तेथें १५ मे १९१८ रोजीं विमानानें नियमित टपाल नेण्यास आरंभ झाला. चालकाची जागा उघडी असे, व रात्रीं वाट दाखविणारे दिवे नव्हते. नव्या घडणीच्या विमानांचे दोष पुष्कळदां चालकाच्या मरणानेंच उघडकीस येत. मॅक्स मिलर हा १ सप्टेंबर १९२० रोजीं अशाच एका नव्या विमानास आग लागून आपल्या सोबत्यासह मरण पावला.

पुढें २२ फेब्रुवारी १९२१ रोजीं, रात्रींहि न थांबतां टपाल देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकास नेण्याचा प्रयत्न झाला. लुईस नांवाचा चालक नेवाडांत एल्को येथें विमान पडून ठार झाला. तरी टपाल पुढें गेलें, व नेब्रास्कांत तें जॅक नाइट याच्या हातीं आलें. वाटेंत शेतकऱ्यांनीं व टपालखात्याच्या माणसांनीं शेकोट्या पेटविल्या होत्या. त्यांच्या आधारानें तो ओमाहास पोंचला. तेथें पाहतो तों पुढचा चालक वादळामुळें आलाच नव्हता! पुढील मार्ग त्यानें कधीं उडून पाहिला नव्हता. तथापि नकाशा घेऊन तो अंधारांत निघाला व सकाळीं शिकागोस उतरला. तें टपाल ३३ तास २० मिनिटांत न्यूयॉर्कला पोंचलें.

यांत आपणांस तीन बोध आहेत. पहिला हा कीं, पिशवींतील पत्रें चालकाचीं नव्हतीं. तीं बदलणें किंवा अडवून ठेवणें त्याच्याकडे नव्हतें. पोंचविणें एवढेंच त्याचें काम होतें. उपदेशक बंधूंनो, आपणांजवळील निरोपहि आपला नव्हे.

दुसरा बोध शेकोट्यांचा. शेतकऱ्यांस उडतां येत नव्हतें. लांकडें गोळा करून जागतां मात्र येत होतें. ज्या बहिणीस वाचतां येत नाहीं तीहि आजाऱ्याच्या उशाशीं रात्र काढूं शकते. तिची शेकोटी कोणास दिसली, हें तिला कदाचित् कधींच कळणार नाहीं.

तिसरा बोध आम्हां पाठविणाऱ्यांस आहे. जुलै १९१९ मध्यें धुक्यांत उडण्यास नाकारल्यावरून दोघां चालकांस कामावरून काढण्यांत आलें, तेव्हां त्यांच्या सोबत्यांनीं काम थांबविलें. मग उडावें कीं नाहीं हें दूरच्या कचेरीनें नव्हे, तर त्या त्या ठिकाणच्या अधिकाऱ्यानें ठरवावें असें झालें. प्रभूनेंहि देवालयाच्या शिखरावरून उडी टाकण्याचें नाकारलें होतें. मेजाजवळ बसून दुसऱ्यास पुरांत नदी ओलांडावयास सांगणें म्हणजे विश्वास नव्हे. पाठवूं त्याच्या वाटेवर आधीं आम्हीं शेकोटी पेटविली आहे काय?

हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारितों, आपणहि विचारा.